शेंगाचा गोचीडताप आणि गिरणीवरचा दवाखाना

पाटीवर नुसतं 'प्राण्यांचा दवाखाना' एवढंच लिहिलंय, त्यामुळे नाव मलाही सांगता येत नाही. पुण्यात सहकारनगरकडून पर्वतीच्या पायथ्याला येताना आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर. जिना अरुंद आहे. तुमचं कुत्रं लॅब्रॅडोर असेल आणि चालत नसेल, तर बरोबर एखादा धडधाकट पुतण्या घ्या.

आमची शेंगा 16 किलोची. आमची म्हणजे सोसायटीची. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांशेजारी राहते, मी दाणे सोलायला बसलो की समोर येऊन बसते, म्हणून हे नाव. एप्रिलच्या शेवटी तिनं दोन दिवस पोळीला तोंड लावलं नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. घोळणा फुटला होता. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ऊन बाधलंय, कांदा हुंगवा. हुंगवला. कुत्र्याच्या चेहऱ्यावर कीव दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथेही सगळं उन्हावरच गेलं. तापाचं इंजेक्शन, सलाईन, 800 रुपये. दोन दिवस शेपूट हलली, मग पुन्हा थंड. तेव्हा दूधवाल्यानं हा गिरणीवरचा पत्ता दिला.

इथल्या डॉक्टरबाई तिला टेबलावर न घेता स्वतःच खाली फरशीवर बसल्या. ओठ वर करून हिरडी दाबली आणि मला विचारलं, "काका, रंग कसा दिसतोय?" धुऊन धुऊन विटलेल्या गुलाबी फडक्यासारखा. पोटावरची केसं बाजूला केली तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. मग कानाच्या आतल्या घड्या, पायाच्या बोटांच्या बेचक्या. तिथे तीन गोचीड निघाले. चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायचे, पिळायचे नाहीत, सरळ ओढायचे आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे, हे त्यांनी मला शेवटच्या एकावर करायला लावलं. आमच्या वॉचमनची पद्धत रॉकेलच्या बोळ्याची. ती ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "त्यांनाही घेऊन या एकदा."

रक्त तिथेच तपासतात, पलीकडच्या खोलीत मशीन आहे. वीस मिनिटांत आकडा आला: प्लेटलेट 38 हजार. कुत्र्याच्या साधारण दोन ते पाच लाख असतात. कानाच्या कडेला टोचून काचपट्टीही केली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. मला जांभळे ठिपके सोडून काहीही कळलं नाही. त्यांनाही जंतू दिसला नाही, पण "दिसला नाही म्हणजे नाही, असं नसतं," म्हणाल्या. गोचीडतापाचा जंतू, अर्लिकिया, रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरून बसतो आणि काचपट्टीवर क्वचितच सापडतो, म्हणून पीसीआर तपासणीला रक्त बाहेर पाठवलं. औषध मात्र त्याच संध्याकाळी सुरू केलं.

नंतर मी वाचलं, की 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या 525 कुत्र्यांचं रक्त असंच पीसीआरनं तपासलं होतं. त्यात बहुतेक भटकीच होती. पाचातल्या एकात अर्लिकिया निघाला, आणि हेपॅटोझून नावाचा दुसरा परोपजीवी तर 30 टक्क्यांत. हा दुसरा गोचीड चावल्यानं होत नाही, कुत्र्यानं गोचीड गिळला की होतो. शेंगा अंग चावत बसते तेव्हा आम्ही कौतुकानं बघायचो.

शेंगाचा निकाल अर्लिकिया असाच आला. बबेसिया, म्हणजे गोचिडातूनच येणारा आणखी एक परोपजीवी, नाही, हे नशीब, कारण त्यातल्या एका जातीचं औषध फार महाग पडतं असं कळलं. डॉक्सीसायक्लिन 28 दिवस, पोट भरल्यावर. मी गोळी दह्यातून देत होतो, त्यावर बोलणी खाल्ली: दूध-दह्यातल्या कॅल्शियममुळे औषध अंगी नीट लागत नाही. मग गुळाच्या खड्यात लपवून दिली. प्लेटलेटचा आकडा सोसायटीत पसरल्यावर तीन घरांतून पपईच्या पानांचा रस आला, डेंग्यूच्या वेळचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी आहेच. बाईंनी तो परत पाठवला. आधी जंतू मरू दे, प्लेटलेट आपसूक येतील, म्हणाल्या. चौदाव्या दिवशी 1 लाख 60 हजार.

पण मी हे लिहायला बसलो ते यासाठी नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, झोपते कुठे? आणि चिठ्ठीच्या मागे गोचिडाचं अख्खं आयुष्य काढून दाखवलं. अंड्यातून पिल्लू, पिल्लातून मधली अवस्था, मग मोठा. प्रत्येक वेळी कुत्र्यावर चढून रक्त प्यायचं, खाली पडायचं, फटीत जाऊन कात टाकायची. मादी एकदाच अंडी घालते, पण हजारोंनी. म्हणजे कुत्र्यावर दिसतात ते जेवायला आलेले, बिऱ्हाड भिंतीत. रात्री टॉर्च घेऊन मीटरच्या पेटीमागे बघितलं. गिलाव्याच्या तड्यातून वर, छताकडे रांग लागली होती. मी चाळीस वर्षं या इमारतीत राहतोय.

फवारणीच्या आधी बाईंनी विचारलं, मांजर आहे का? आहे, दोन. भिंत पूर्ण वाळेपर्यंत त्यांना लांब ठेवा, कारण यातली काही औषधं मांजराला विषासारखी. ती मांजरं दोन दिवस माझ्या बाथरूममध्ये होती, त्याबद्दल न बोललेलं बरं. तडे पांढऱ्या सिमेंटनं बुजवले, तीन आठवड्यांनी पुन्हा फवारणी. शेंगाला गोचिडाची चघळायची गोळी सुरू आहे. ती गोळी गोचीड चावल्यावर त्याला मारते, अंगावर चढूच देत नाही असं नाही, हेही आधीच सांगितलं गेलं. औषध संपल्यावर मी झटपट तपासणीच्या किटवर पुन्हा तपासा म्हणून मागे लागलो, तर त्यांनी नकार दिला: त्या किटवर प्रतिपिंडं दिसतात, ती बरं झाल्यावरही महिनोन्महिने राहतात, उगाच 1200 रुपये घालवू नका. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा दवाखाना मी पहिल्यांदाच पाहिला.

चार तारे. पाचवा कापला कारण पीसीआरचा निकाल दोन दिवसांत म्हणाले आणि पाच लागले. मध्ये मीच तीनदा फोन केला, मदतनीस मुलानं प्रत्येक वेळी शेंगाचं नाव 'शेंडी' असं लिहून घेतलं. बाकडं एकच आहे, त्यावर दोन माणसं आणि एक पोपट बसतो. खर्च औषधं धरून साडेसात हजार आला, वर्गणी काढली, बी विंगनं अजून दिलेली नाही.

दवाखाना संध्याकाळी साडेपाचला उघडतो. पाचला जाऊन बसा. गिरणी तोवर चालू असते, त्यामुळे घाबरट कुत्रं असेल तर खाली रस्त्यावरच थांबा, तो मुलगा हाक मारतो. चुकीच्या नावानं मारेल.