गती आणि बलाचा प्रयोगसंच: खाऱ्या हवेतल्या आठ महिन्यांनंतर

आमची शाळा दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मी तेथे नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नववीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ गतीच्या नियमांचा असल्यामुळे गेल्या जूनमध्ये शाळेने साडेसहा हजार रुपयांना एक प्रयोगसंच मागवला. त्यात सनमायका लावलेली एक मीटर लांबीची फळी, प्रत्येकी अर्धा किलो वस्तुमानाच्या दोन ट्रॉल्या, कप्पी, खाचांची वजने, टिकर टाइमर आणि त्याच्या कागदी फिती, दोन तानकाटे (बल मोजणारे स्प्रिंगचे काटे) व एक स्टॉपवॉच एवढे साहित्य आले. संच तयार करणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. खाली लिहिलेले दोष अशा स्वस्त संचांमध्ये कमी-अधिक प्रमाणात असणारच, असा माझा समज आहे.

पैसे वसूल झाले ते टिकर टाइमरमुळे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने तो ट्रॉलीमागे ओढल्या जाणाऱ्या फितीवर सेकंदाला ५० ठिपके उमटवतो, म्हणजे दहा अंतरांचा तुकडा म्हणजे ०.२ सेकंद. ट्रॉलीला बांधून कप्पीवरून खाली सोडलेल्या दोऱ्याला ५० ग्रॅम वजन टांगून ट्रॉली सोडली, फितीचे असे तुकडे कापले आणि आलेखाच्या कागदावर शेजारी शेजारी उभे चिकटवले, तेव्हा त्यांची लांबी अनुक्रमे १.४, ४.२, ७.१ आणि ९.९ सेंटिमीटर भरली. प्रत्येक तुकडा मागच्यापेक्षा सुमारे २.८ सेंटिमीटरनेच मोठा, हे मुलांनी स्वतः मोजून सांगितले. स्थिर त्वरण, म्हणजे वेग एकाच दराने बदलत जाणे, म्हणजे काय, ते फळ्यावर समजावण्यात याआधी माझे दोन तास जात आणि तरीही निम्मा वर्ग वेग व त्वरण यांत गल्लत करीत असे. यंदा त्या पायऱ्यांकडे बोट दाखवणे पुरेसे झाले.

मात्र सोबतच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. त्यात टांगलेल्या वजनाचे बल ०.४९ न्यूटन काढून ते फक्त ट्रॉलीच्या अर्ध्या किलोने भागले आहे आणि त्वरण ०.९८ मीटर प्रति सेकंद वर्ग दिले आहे. हे चूक आहे, कारण टांगलेल्या वजनालाही ट्रॉलीएवढेच त्वरण मिळते. भागायचे ते ०.५५ किलोग्रॅमने, आणि उत्तर ०.८९ येते. आमच्या फितीवरून तर ०.७० च आले. वर्गातल्या एका मुलाने गंभीरपणे विचारले, “मॅडम, न्यूटनचं चुकलं का?” १६८७ साली मांडलेले नियम आमच्या फळीवर चुकले नव्हते, घर्षण कोणी हिशेबात धरलेच नव्हते.

घर्षण मोजण्याची रीत सोपी आहे. दोरा सोडून टाकावा, फीत तशीच ट्रॉलीला जोडलेली ठेवावी, फळीचे मागचे टोक पुठ्ठ्याचे तुकडे सारून थोडे थोडे उचलावे आणि ट्रॉलीला हलकासा धक्का द्यावा. फितीवरचे ठिपके सारख्या अंतरावर पडू लागले की उताराच्या दिशेने खेचणारे गुरुत्वबल घर्षणाएवढे झाले, असे समजावे. आमची फळी दोन सेंटिमीटर उचलावी लागली. त्यावरून घर्षण सुमारे ०.१ न्यूटन निघते, आणि ते ०.४९ मधून वजा केले की ०.७० चे कोडे सुटते. संतुलित बलांखाली वस्तू एकसमान वेगाने चालत राहते, हा पहिला नियमही त्याच फितीवर दिसतो. उचललेल्या फळीवर पुन्हा वजन टांगल्यावर ०.८७ मिळाले. कोळीवाड्यातल्या मुलांना हे घर्षण नवीन नव्हते: पावसाळ्याच्या मासेमारीबंदीआधी होड्या वर ओढताना खाली ओंडके घालतात, आणि पहिला हिसका सर्वांत जड जातो, हे त्यांनीच मला सांगितले. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, एवढे मी त्यात जोडले.

दोन ट्रॉल्यांमधली दाबून सोडायची स्प्रिंग उत्तम आहे. सारख्या ट्रॉल्या सारख्याच वेगाने दूर जातात. एकीवर अर्धा किलो वाढवले की तिचा वेग दुसरीच्या निम्म्यावर येतो. होडीतून धक्क्यावर उडी मारताना होडी मागे का सरकते, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

आता तक्रारी. ऑगस्टअखेर ट्रॉलीच्या चाकांतील बेअरिंगांना गंज चढला आणि ऑक्टोबरमध्ये तेच संतुलन साधायला फळी साडेतीन सेंटिमीटर उचलावी लागली, म्हणजे घर्षण पाऊणपटीने वाढले. शिवणयंत्राच्या तेलाने थोडा फरक पडला. कंपनीने बेअरिंग बदलून देण्याचे कबूल केले होते. तीन महिने झाले, वाट पाहणे चालू आहे. एका तानकाट्याची स्प्रिंग गंजून तो रिकामा असतानाच ०.३ न्यूटन दाखवू लागला, आणि दुसऱ्यावर न्यूटनऐवजी फक्त ग्रॅमच्या खुणा आहेत. वस्तुमान आणि वजन यांतला फरक शिकवण्यासाठी मागवलेल्या साधनाने तोच घोळ करावा, याला काय म्हणावे! टाइमरला सहा व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहच लागतो, त्यामुळे वीज गेली की बॅटरीवर तो चालत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. स्टॉपवॉच पहिल्याच महिन्यात बंद पडले. एक मीटरच्या उतारासाठी हाताने बटण दाबण्यातली चूकच इतकी मोठी असते की त्याची उणीव भासली नाही.

किनाऱ्यावरच्या शाळेने घ्यायचाच झाला तर ट्रॉल्या, फळी आणि टाइमर एवढेच सुटे मागवावे, बेअरिंग स्टेनलेस स्टीलची आहेत का ते आधी लेखी विचारावे, आणि तानकाटे बाजारात स्वतः हातात धरून, काटा शून्यावर आहे ना ते पाहून घ्यावेत. आमच्या ट्रॉल्या सध्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवल्या आहेत. गेल्या आठवड्यात फळी तीन सेंटिमीटर उचलूनच भागले.