टेमा ते अगोमान्या: शनिवारच्या बाजारासाठी ट्रोट्रो, काही महिन्यांच्या वापरानंतर

घानात नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या लोकांकडून पहिला सल्ला मिळतो तो हा की, ‘ट्रोट्रोत बसू नका, सरळ गाडी करून जा.’ मी टेमा या बंदराच्या शहरात राहते आणि मण्यांचे दागिने करते. जानेवारीपासून क्रोबो (इथला एक समाज) लोकांच्या काचेच्या मण्यांच्या खरेदीसाठी अगोमान्या या बाजाराच्या गावी जाते आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ट्रोट्रोनेच. त्यामुळे हा सल्ला मला अजिबात पटत नाही. टॅक्सीने गेले असते तर बाजाराला पोचले असते, पण बाजार कळला नसता.

ट्रोट्रो म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखीच सोय: गाडी भरली की निघते, त्याआधी नाही. बहुतेक गाड्या बाहेरच्या देशांतून आलेल्या जुन्या व्हॅन. टोयोटा हायेस, निसान अर्वान, मर्सिडीज स्प्रिंटर. मालवाहू व्हॅनला खिडक्या कापून आत बाकं वेल्ड केलेली असतात, आणि मधल्या वाटेत दुमडून ठेवायच्या सीटा. चालक गाडी चालवतो. बाकी सगळा कारभार मेटकडे. तो दारात लटकून गावाचं नाव ओरडतो, पैसे गोळा करतो, सामान लावतो. उतरायचं असेल तर ‘मेट, बस स्टॉप!’ असं आतून ओरडावं लागतं.

मी गाडी पकडते ती टेमाजवळच्या अशायमानच्या स्टेशनवरून. स्टेशन म्हणजे ट्रोट्रोंचा अड्डा. तिथे प्रत्येक गावाची रांग वेगळी असते. फलक शोधत बसण्यापेक्षा विचारावं, लोक हाताला धरून गाडीपर्यंत नेऊन सोडतात. मात्र विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचंच. नमस्काराशिवाय थेट प्रश्न टाकणं इथे उद्धटपणा समजतात. अगोमान्याची थेट गाडी नसेल तर वाटेवरच्या क्पाँगची घ्यावी आणि तिथून शेअर टॅक्सीने पुढे जावं. भाडं ठरलेलं असतं. वाहतूकदारांची युनियन आणि सरकार मिळून दर ठरवतात आणि इंधन महागलं की ते वाढतात. गोरा, काळा, भारतीय, सगळ्यांना तेच भाडं. परदेशी माणसाला टॅक्सीवाला सांगेल तो आकडा आणि ट्रोट्रोचं भाडं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरी किंमत वेळेची. सकाळी सहाच्या आधी पोचलं तर बाजारकरणी बायकांमुळे गाडी लवकर भरते. नवानंतर गेलं तर तासभरही बसून राहावं लागतं, वरून पत्रा तापतो. त्या वेळात गाडीत औषधविक्रेता येऊन भाषण करतो, कधी प्रवचनकार प्रार्थना घेतो, खिडकीशी पाण्याच्या पिशव्या, केळ्याचे वेफर्स, उकडलेली अंडी येत राहतात. हे ज्यांना सहन होणार नाही त्यांनी खरंच गाडी करावी. मला मात्र बाजाराची अर्धी माहिती या थांबण्यातच मिळाली. शेजारी बसलेल्या मावशी (इथे ‘आंटी’ म्हणायचं) टोमॅटो-मिरचीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या असतात. कुठल्या ओळीत मण्यांच्या बायका बसतात, कोणाचा माल जुना, कोणाकडे फक्त नवा, हे त्यांनी मला गाडी सुरू व्हायच्या आधी सांगितलेलं आहे. एकदा सामान लावणाऱ्या माणसाने माझ्या छोट्याशा पिशवीचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा अशाच एका आंटीने त्याला इतकं झापलं की त्याने पिशवी मुकाट्याने माझ्या मांडीवर ठेवली. पुढच्या शनिवारी ती मला बाजारात भेटली आणि भेंडीवर दोन भेंड्या जास्तीच्या टाकल्या. त्या जास्तीच्याला इथे ‘डॅश’ म्हणतात. खरेदी झाल्यावर हक्काने मागावी, कोणी रागावत नाही.

सीटबद्दल एक गोष्ट नक्की सांगते. घानात १९७४ पासून वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून चालक डावीकडे आणि प्रवाशांचं दार उजवीकडे. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजवीकडून येतं आणि दुपारी परतताना पुन्हा उजवीकडूनच. म्हणून दोन्ही वेळा डावीकडची खिडकी धरावी. दारापासून लांब, सावलीत. मधली दुमडती सीट शक्यतो टाळा. मागचा कोणी उतरला की उठावं लागतं आणि पाठीला धड टेका नसतो. हायेसमध्ये पुढे चालकाशेजारी बसलात तर सीटखालच्या इंजिनाची धग लागते.

रस्ता साधारण ५०-६० किलोमीटरचा. आफिएन्या गेलं की मोकळं माळरान लागतं आणि शाई टेकड्यांच्या राखीव क्षेत्राशी बबून माकडं अगदी रस्त्याच्या कडेला बसलेली दिसतात. खिडकीबाहेर खाऊ धरू नका. क्पाँगला डावीकडे वळलं की क्रोबो मुलूख सुरू होतो: अगोमान्या, ओडुमासे, सोमान्या. हा आंब्याचाही पट्टा आहे. मे-जूनमध्ये केंट आणि कीट जातीचे मोठाले आंबे रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले असतात. हापूसची चव त्यात शोधू नये, पण गर भरपूर आणि रेषा कमी. आमरस उत्तम होतो.

आता ज्यासाठी जायचं ते. अगोमान्याचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. मुख्यतः तो भाजी-धान्य-सुक्या मासळीचा, मण्यांचा भाग बाजूला. क्रोबो मणी बनतात टाकाऊ बाटल्यांच्या काचेपासून. काच कुटून पूड करतात, मातीच्या साच्याला आधी पांढरी माती फासतात म्हणजे काच चिकटत नाही, मग रंगाच्या थरांनी पूड भरतात. साच्यातल्या प्रत्येक खळग्यात मधोमध कसावाच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो आणि भोक उरतं. पारदर्शक मणी मात्र काचेच्या तुकड्यांपासून करतात आणि त्यांना भोक गरम असतानाच टोकदार सळईने पाडतात. शेवटी दगडावर वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत करतात. हे सगळं ओडुमासेला, बाजारापासून जवळच, प्रत्यक्ष बघता येतं.

खरेदी करताना मणी उजेडाकडे धरून भोकात बघावं. ताज्या पूड-काचेच्या मण्याच्या भोकात पांढरी माती अडकलेली दिसते. जुना, अनेक वर्षं अंगावर मिरवलेला मणी आतून स्वच्छ असतो आणि भोकाच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. विकणाऱ्या बायका मण्यांना तेल लावून चमकवतात, म्हणून एक मणी रुमालाने पुसून मगच रंग ठरवा. माळा दोऱ्यासकट विकतात. सुटे मणी हवे असतील तर ‘आंटी, रिड्यूस स्मॉल’ (थोडं कमी करा) म्हणत पूर्ण माळ घेणं स्वस्त पडतं. पैसे द्यायचे-घ्यायचे उजव्या हाताने. ते आपल्याला शिकवावं लागत नाही. मार्च ते मेच्या सुमारास क्रोबो मुलींचा ‘दिपो’ हा वयात येण्याचा विधी असतो. तेव्हा कमरेच्या मण्यांना फार मागणी असते आणि भाव पडत नाहीत.

जुन्या मालात व्हेनिसचे फुलांच्या नक्षीचे मणी दिसतात, पूर्वीच्या व्यापारातून आलेले. आणि अकीक! गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी घडवून आफ्रिकेला पाठवत, पुढे जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनने त्याच धर्तीचे मणी पश्चिम आफ्रिकेसाठी कापले. अशा केशरी मण्यांची एक माळ मला एका म्हाताऱ्या आंटीकडे दिसली. ते खंभातचे की जर्मनीचे हे ठरवणं मला शक्य नव्हतं. तिने ती विकली नाही, पण मला बराच वेळ हातात धरू दिली.

खाण्याची आबाळ होत नाही, शाकाहारी असलात तरी. भाजलेलं प्लँटेन (भाजीचं केळं) आणि शेंगदाणे सगळीकडे मिळतात. रेड-रेड म्हणजे पाम तेलातली चवळी आणि तळलेलं प्लँटेन; मासा घातला नाही ना एवढं विचारून घ्यावं.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो गाड्यांच्या अवस्थेसाठी. काहींचे टायर पार गुळगुळीत असतात, आणि मोकळा रस्ता लागला की काही चालक अंगात आल्यासारखे पळवतात. मी बसण्याआधी टायरकडे नजर टाकते आणि शंका आली तर पुढची गाडी घेते. कोणी अडवत नाही. इथे वर्षभर सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे परतीची गाडी तीनपर्यंत धरायची. त्या वेळी माल संपवलेल्या बायका घरी निघालेल्या असतात आणि गाडी पटकन भरते. सुट्टे सेडी (घानाचं चलन) जवळ ठेवा, मोठ्या नोटेचे उरलेले पैसे मेटकडून मिळायला शेवटचा थांबा येतो. एप्रिल ते जुलै पावसाचे दिवस, तेव्हा मण्यांच्या बायका पाऊस आला की ताडपत्री ओढून माल झाकून घेतात, म्हणून त्या महिन्यांत सकाळी दहाच्या आत बाजारात असलेलं बरं.