गीझर सर्व्हिसिंग, दादर पश्चिम: टाकी उघडतात, म्हणून चार तारे

मुंबईत थंडीची तयारी म्हणजे गोधड्यांना ऊन दाखवायचं आणि गीझर तपासून घ्यायचा. दुसऱ्या कामासाठी दादर पश्चिमेच्या एका जुन्या इलेक्ट्रिक दुकानाची सर्व्हिस घेतली. गीझर १५ लिटरचा, २००० वॅटचा, स्टोरेज प्रकारचा.

बऱ्याच ठिकाणी 'सर्व्हिसिंग'च्या नावाखाली कव्हर पुसून थर्मोस्टॅटची चकती फिरवून बघतात आणि पावती फाडतात. टाकी उघडायचं नावच नाही. या दुकानाचा माणूस उघडतो, आणि पैसे त्याचेच द्यायचे असतात.

आधी एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) खाली, मग टेस्टरने खात्री. थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. हवा आत गेल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो. फ्लँज (पाणी तापवणारी कॉइल बसवलेलं टाकीचं झाकण) उतरवल्यावर तळाचा तपकिरी गाळ बादलीत काढला. तानसा-वैतरण्याचं पाणी तसं मऊ, त्यामुळे पालिकेच्या पाण्यावर कॉइलवर पातळ थर बसतो. ज्या सोसायट्यांत टँकर किंवा बोअरिंगचं पाणी मिसळतं, तिथे पांढरी जाड पपडी धरते. पपडीखाली उष्णता अडकते, कॉइल जास्त तापते आणि जळते.

पपडी काढायला त्याने कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड (वाण्याकडचं लिंबूफूल) वापरलं. स्क्रूड्रायव्हरने खरवडणारा किंवा फरशीचं अ‍ॅसिड ओतणारा कारागीर आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या अ‍ॅसिडने कॉइलचं तांबं खाल्लं जातं. मग मल्टिमीटरवर कॉइल मोजली: २३० व्होल्ट आणि २००० वॅटच्या हिशोबाने २६-२७ ओहम यायला हवेत, तेवढे आले. एक टोक कॉइलच्या बाहेरच्या नळीला लावून पाहिलं, तिथे काही दिसायला नको, दिसलं तर करंट नळीत उतरतोय. महिनोन्‌महिने बंद राहिलेला गीझर पहिल्याच दिवशी ट्रिप होतो, तो बहुधा कॉइलमधल्या पावडरीने ओल धरल्यामुळे.

मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बाहेर काढून दाखवला. मधली तार उघडी पडली होती, म्हणून बदलला. टाकीऐवजी गंज याने अंगावर घ्यायचा असतो. हा संपला की पाळी टाकीची. गॅस्केट (फ्लँजखालची रबरी चकती) मात्र दर वेळी नवंच हवं. जुनं बसवलं तर आठवडाभरात थेट टर्मिनलवर ठिबक. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. नळातून फसफस न होता सलग धार लागेपर्यंत टाकी भरली, मगच स्विच. कोरडी कॉइल मिनिटभरातही जळू शकते.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बूच मारायला सांगणारे महाभाग प्रत्येक इमारतीत असतात. २५ वरून ६० अंशांवर जाताना १५ लिटर पाणी जवळजवळ २०० मिली फुगतं, ते तिथूनच बाहेर येतं. बूच मारलं की तो दाब टाकीवर. इथे व्हॉल्व्हची दांडी उचलून तो मोकळा असल्याचं दाखवलं आणि नळीचं तोंड जाळीकडे वळवलं. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला. मुंबईच्या थंडीला तेवढं पुष्कळ.

एक तारा कापला तो अर्थिंगसाठी. सांगेपर्यंत तपासलं नाही. जुन्या इमारतींत १६ अँपिअरच्या सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. फेज ते अर्थ मोजल्यावर २३०च्या आसपास आले नाहीत, तर गीझर वापरू नये. बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, तोही टेस्टचं बटण दाबून बघून घ्या.

रॉड आणि गॅस्केटचे पैसे वेगळे, ते फोनवरच विचारून घ्या. बदललेला जुना रॉड मागितला तर हातात ठेवतात, कुरकुर नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वेळ लवकर मिळते. डिसेंबरात पारा घसरला की रांग. आणि दुपारी एक ते चार फोन करू नका, दुकान बंद असतं.