नऊ हजार गेले आणि बिघाड दिवाणाखाली निघाला

हे लिहू का नको यातच दोन आठवडे गेले. फसलो हे सांगायला लाज वाटते, त्यात मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत मशीन मेंटेनन्समध्ये आहे, हाताखाली चार पोरं आहेत, त्यांना रोज सांगतो की आधी बाहेरचं चेक करा मग कव्हर उघडा, आणि स्वतःच्या घरी मात्र बरोबर उलटं केलं.

आमच्याकडे २०११ साली घेतलेला होम थिएटरचा रिसीव्हर आहे, म्हणजे स्पीकर वाजवणारा अँप्लिफायरचा डबा. नानांचा जीव त्याच्यावर, सकाळी सहाला अभंग लागले नाहीत तर घरात चहा होत नाही. दिवाळीनंतर तो बंद पडायला लागला. बंद म्हणजे मेला नाही, चांगला वीस मिनिटं वाजायचा आणि मधेच टक्क आवाज होऊन पूर्ण ऑफ, समोरचा लाल लाईट लुकलुकत राहायचा. परत चालू केला की परत तसंच. हळू आवाजात जास्त टिकायचा, पखवाज जोरात आला की गेलाच. ही गोष्ट मी तेव्हा बघितली होती, पण तिचा अर्थ काही लावला नाही.

मेन रोडच्या बाजूला एका गल्लीत रिपेअरिंगवाला आहे, ऑफिसातल्या एकाने सांगितलं म्हणून गेलो. नाव लिहीत नाही. काउंटरवर उघडे अँप्लिफायर, मागे टीव्हीच्या पॅनलची रास, माणूस बोलायला एकदम गोड. रिसीव्हर प्लगला लावला, दोन मिनिटं वाजवला, बंद नाही पडला. मी म्हणलं बघा इथे तर नीट चालतोय. तर म्हणे, "साहेब, आऊटपुट गेलेत, स्पीकरला ताकद देणारे ट्रान्झिस्टर, गरम झाले की पडतो. पार्ट मुंबईहून मागवावे लागतील, लॅमिंग्टन रोडला माझा माणूस आहे." हजार रुपये अ‍ॅडव्हान्स दिला. पावती म्हणून स्वतःच्या कार्डच्या मागे तारीख आणि "रिसीव्हर १" लिहून दिलं, बस. मीही बिल मागितलं नाही.

पंधरा दिवस "उद्या येतो साहेब", मग चोपन्नशे घेतले. घरी आणला, जोडला, नाना खुश, आणि दुसऱ्याच दिवशी अभंगाच्या मध्यात टक्क.

परत नेला. आता म्हणे आऊटपुट ओके झाले पण प्रोटेक्शनच्या (धोका दिसला की बंद करणाऱ्या) सर्किटमध्ये लोचा आहे, उगाचच पाडतंय, ते करून देतो. अजून सव्वीसशे. एकूण नऊ हजार झाले, सगळे फोनवरून पाठवलेले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुठल्यातरी बाईच्या खात्यावर. या वेळी मात्र रिसीव्हर बंद पडला नाही. चार दिवस मस्त वाजला. पाचव्या दिवशी डाव्या स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज आला, वूफरचा (जड आवाजाच्या स्पीकरचा) शंकू पुढे ढकलला जाऊन तिथेच थांबला आणि जळका वास. बायकोने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून, नाहीतर पडदा शेजारीच होता.

मग शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलं त्यांनी, रिटायर होऊन दहा वर्षं झाली, हात अजून स्थिर. झाकण काढायच्या आधी मला दूर बसवलं, म्हणाले प्लग काढला तरी आतले मोठे कंडेन्सर चार्ज धरून असतात, ते आधी रेझिस्टर लावून उतरवायचे. (हे वाचून कुणी स्वतः उघडायला जाऊ नका.)

आत काय होतं ते सांगतो. स्पीकरच्या रिलेच्या (गडबड झाली की स्पीकर तोडणारा आतला स्विच) दोन पायांवर जाड वायरचा तुकडा सोल्डर केलेला, म्हणजे रिले सुटला तरी करंट चालूच. प्रोटेक्शनच्या लाईनमधला एक छोटा ट्रान्झिस्टर उपटून टाकलेला. फ्युज होता, पण त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, तो बंद पडत होता तो बिघाड नव्हता रे. तो ओरडून सांगत होता काहीतरी. याने त्याचं तोंड शिवून टाकलं आणि तू शिलाईचे पैसे दिलेस."

आऊटपुट ट्रान्झिस्टर पण बदलले होते, पण कशाने? माझ्या फोनमध्ये गेल्या वर्षी ब्लोअरने धूळ काढताना काढलेला फोटो होता, झाकण उघडं असलेला. फोटोत वेगळे नंबर, आत्ता त्या जागी सी५२०० आणि ए१९४३ ची जोडी बसवलेली. ही जोडी वाईट नाही, उलट फार चालते, म्हणूनच तिचा डुप्लिकेट माल बाजारात भरपूर. काकांनी एक जळलेला काढून पक्कडीत धरून फोडला. आत मसुराएवढी चिप हवी होती, निघाली तिळाएवढी. वरची छपाई नखाने निघत होती. हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) पेस्ट नावाला.

आणि मला सगळ्यात लागलं ते पुढचं. काका म्हणाले आऊटपुट खरंच शॉर्ट असते ना, तर चालू केल्यावर दोन-तीन सेकंदात प्रोटेक्टमध्ये गेला असता, चालू होतानाचा रिलेचा टक्क पण आला नसता, आवाज तर लांबच. तुझा वीस मिनिटं वाजत होता. म्हणजे पहिल्या दिवशी काउंटरवर सांगितलेलं निदानच खोटं. चालणारे पार्ट काढून घेतले आणि नकली लावले, आणि त्याचे माझ्याचकडून पैसे.

मग मूळ बिघाड काय? काकांनी विचारलं सगळ्या स्पीकरच्या वायरी काढून रिसीव्हर नुसता चालू ठेवून बघितला होतास का? नव्हता बघितला. एवढं केलं असतं तर घरबसल्या कळलं असतं, वायरी काढल्यावर पडत नाही म्हणजे दोष बाहेर, काढूनही पडतो म्हणजे आत. दुकानात का नीट वाजत होता तेही तेव्हाच सुटलं, तिथे त्याचे स्पीकर आणि त्याची वायर होती ना.

काकांनी रिसीव्हरकडून सुटी केलेली डावी वायर मल्टीमीटरला लावली. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहाच्या आसपास दाखवतो, पण जळलेली कॉइल तुटलेली असल्यामुळे मीटरवर काहीच येईना, सर्किट उघडं. वायर थोडी थोडी हलवत भिंतीकडे गेले आणि दिवाणापाशी आल्यावर मीटर एकदम शून्याकडे. दिवाळीच्या साफसफाईत आम्ही दिवाण सरकवला होता, त्याचा पाय बरोबर वायरवर. इन्शुलेशन चेपून फुटलेलं, दोन्ही तारांचे केस एकमेकांना लागत होते, आणि पखवाजाचा जड ठोका जोरात आला की फरशी थरथरून जास्तच चिकटत होते. रिसीव्हर बिचारा शॉर्ट ओळखून स्वतःला वाचवत होता. ते थांबवल्यावर शॉर्टवर नकली ट्रान्झिस्टर उडाला, सगळं डीसी (एकाच दिशेचा करंट, जो स्पीकरला जाळतो) वूफरवर गेलं आणि कॉइल जळली.

बारा मीटर वायर पाचशेच्या आत आली.

मी दुकानात गेलो. आधी म्हणाला तुम्ही बाहेर उघडलंत, आता माझी जबाबदारी नाही. रिलेवरच्या वायरचा फोटो दाखवला तर म्हणे "साहेब तुम्हीच बोलले ना, बंद नाय पडला पाहिजे." हे खरंय हो, मी बोललो होतो असं. मग १९१५ वर, ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडे कार्डाची मागची बाजू आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट. तरी तक्रार नोंदली गेली. जिल्हा आयोगात पाच लाखांच्या आतल्या केसला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे असं कळलं, जायचं का ते अजून ठरवतोय. तक्रारीचं कळल्यावर त्याने तीन हजार परत दिले, बाकीचे विसरा म्हणाला.

मी म्हणलं ठीक आहे, निदान माझे जुने पार्ट तरी दे. खूप शोधाशोध केल्यासारखं करून ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची पिशवी काढून दिली, हे घ्या तुमचे चार. घरी येऊन फोटोशी नंबर लावून बघितले, एकही जुळेना. काकांनी मीटर लावला, चारही एकदम ठणठणीत, ओरिजिनल. कुणाचे आहेत देव जाणे, माझे नाहीत. पिशवी अजून माझ्या टेबलावर आहे.