मलावीचं मिशन इस्पितळ की मुंबईची लेबर रूम? ठरवू पाहणाऱ्या ख्रिस्ती नर्ससाठी तुलनात्मक आढावा

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग संपलं, आरएन-आरएमची, म्हणजे नर्स आणि मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) म्हणून नोंदणी हातात आली, की चर्चच्या मंडळीतली एखादी तरी मुलगी उपासनेनंतर थांबते आणि विचारते, "सिस्टर, आफ्रिकेत मिशनच्या कामाला जाऊ की इथेच नोकरी धरू?" मी दोन्ही केलं आहे. भायखळा-परळच्या पट्ट्यात लेबर रूमची ड्युटी केली आणि मधली काही वर्षं मलावीतल्या एका मिशन इस्पितळात मिडवाइफ म्हणून राहिले. तिथला आणि इथला दिवस शेजारी-शेजारी ठेवून सांगते. माझं मत आधीच ऐकून ठेव. बाहेर जाणं मोलाचं आहे, पण मुंबईत हात पक्का झाल्याशिवाय जाऊ नये. आणि शिकवायची तयारी नसेल, स्थानिक माणसाच्या हाताखाली काम करायची तयारी नसेल, तर मुळीच जाऊ नये.

लेबर रूममध्ये

केईएम, सायन, नायर, वाडिया यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत गर्दी अंगावर येते, पण मदत हाकेच्या अंतरावर असते. रेसिडेंट डॉक्टर तिथेच, भूलतज्ज्ञ आणि थिएटर त्याच इमारतीत, रक्तपेढी आवारात. पालिकेच्या छोट्या प्रसूतिगृहात केस अडली तर रुग्णवाहिका बोलावून रेफर करता येते. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशभरात ९७. हा आकडा असा खाली आला त्यात या सगळ्या साखळीचा वाटा आहे, आणि त्या साखळीतली सिस्टर ही लहान कडी नाही.

पण तुला स्वतःच्या हाताने बाळंतपणं करायची असतील, तर मुंबईत तुझी घुसमट होईल. आपण कळा बघतो, ठोके ऐकतो, ड्रिप लावतो, केस पेपर भरतो, बाळाचं वजन घेतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. बाळाचं डोकं दिसायला लागलं की हात बहुधा डॉक्टरचा असतो. खासगीत तर नैसर्गिक बाळंतपण बघायलाच कमी मिळतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याची नोंद आहे, सरकारीत १४.३ टक्के. म्हणून मिडवाइफ व्हायचंच असेल तर तिकिटाची चौकशी करण्याआधी आणखी एक चौकशी कर. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि त्यात 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम ठेवला. तो केलेली मुलगी इथेही जास्त जबाबदारी घेऊ शकते आणि बाहेरही जास्त उपयोगी पडते.

मलावीत रात्रपाळीला लेबर वॉर्ड तुझा. सोबत एखादी विद्यार्थिनी आणि सफाईची बाई. सिझेरियन लागलं तर क्लिनिकल ऑफिसरला उठवायचं. तिथे ही शस्त्रक्रिया पुष्कळदा डॉक्टर नव्हे, खास प्रशिक्षण घेतलेले हे अधिकारी करतात आणि चांगली करतात. बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र, डॉपलर, असतो, पण बॅटरी नसते. मग पोटावर लाकडी कर्णा टेकवायचा, कान लावायचा, वॉर्डातला बाकी आवाज मनातून काढायचा आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायचे. हा कान एका दिवसात तयार होत नाही. मुंबईत डॉपलर हाताशी असतानाच रोज एक-दोन बायकांचे ठोके कर्ण्याने ऐकून ताडून बघत जा.

दोन्हीकडचा खरा फरक कळतो तो रक्तस्रावात. वार पडली आहे, पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी कणकेच्या गोळ्यासारखी मऊ लागते, आणि खालचं कापड भिजतच चाललंय. मुंबईत तू हाक मारतेस आणि चौघं धावत येतात. एकजण सलाईनची दुसरी लाइन घेतो, एकजण औषधं भरतो, कुणी रक्तपेढीकडे पळतो. मिशन इस्पितळात ही चारही माणसं तूच. पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज आणि वीज आली. काल दिवसभर लाइट नव्हती हे तुला आठवायला हवं, आणि त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कुठल्या खणात आहेत हेही, कारण त्यांना फ्रिज लागत नाही. तेवढ्याने नाही भागलं तर एक मूठ आत आणि दुसरा हात पोटावरून, अशी पिशवी दोन्हींच्या मध्ये दाबून धरायची. हात भरून येतात, तरी सोडायचं नाही. विद्यार्थिनी बाहेर बसलेल्या नातेवाइकांना उठवते, कारण रक्त म्हणजे त्यांच्यातल्या ज्याचा गट जुळेल तो.

यात उपकरणांपेक्षा सवय जास्त कामी येते. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं, आणि मालिश, औषधं, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचं. एवढ्यानेच गंभीर रक्तस्राव आणि त्यापुढची गुंतागुंत साठ टक्क्यांनी घटली. नजरेने 'फार नाही गेलं' म्हणायची सवय मुंबईतही आहे. ती इथेच मोड.

दाराबाहेर

आपल्याकडे गेटवरच वॉचमन नातेवाइकांना अडवतो. सासू आणि नवरा बाहेरच्या बाकावर, आत बाई एकटी, आणि तिचा हात धरणारी बहुतेक वेळा वॉर्डातली मावशीच. मलावीत उलट. बाईबरोबर आई किंवा बहीण येतेच. तिला तिथे 'गार्डियन' म्हणतात, आणि अशा बायकांसाठी आवारात वेगळी जागा असते. तिथे त्या चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवतात, कपडे धुतात, रात्री तिथेच झोपतात. बाई घरून चितेंजेची कापडं आणते. त्यातलंच एक टेबलावर अंथरायचं, एकात बाळ गुंडाळायचं. बाळंतिणीची उठबस करणारं माणूस जवळ असलं की नर्सचं अर्धं काम हलकं होतं, हे मी तिथे शिकले.

श्रद्धेबद्दल

हा भाग नीट वाच, कारण बहुतेक मुली याच्याच जोरावर निघतात. 'सुवार्ता न पोहोचलेल्या देशात' जाते आहे असं वाटत असेल, तर मलावीत पोहोचल्यावर गोंधळशील. तिथली बहुसंख्य माणसं ख्रिस्तीच आहेत. सकाळची ड्युटी गाण्याने आणि प्रार्थनेने सुरू होते, आणि ती चालवणारी तिथलीच नर्स असते. कळा देणारी बाई तुझ्याआधी प्रभूचं नाव घेते. मग तुझं काम काय? दुसऱ्या मुलींना तयार करणं, रात्री दोनला चिडचिड न करता टाके घालणं, आणि मेलेलं बाळ हातात आलं तर त्या आईजवळ बसून राहणं. तुझ्या पाचारणात एवढं पुरेसं वाटत असेल तर ते टिकतं.

मुंबईत सरकारी नोकरीत धर्माची गोष्ट आपण काढत नाही, काढूही नये. कळा सोसणारी बाई आपल्या हातात असते, तेव्हा तिच्यावर कसलंच वजन टाकायचं नसतं. तिनेच "सिस्टर, तुमच्या देवाला सांगा" म्हटलं तर मनातल्या मनात सांगायचं. इथली सेवा मुकी आहे, पण ती कमी नाही.

वसईच्या बहिणींसाठी एक जुनी गोष्ट. १९३६ पर्यंत कॅथलिक धर्मभगिनींना बाळंतपणं करायची परवानगी नव्हती. ॲना डेंगल या ऑस्ट्रियन डॉक्टरने रावळपिंडीत काम करताना बघितलं की पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि तशाच मरतात. तिने १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली, आणि पुढे नियम बदलला. आज कुणी तुला 'ननचं हे काम नाही' म्हटलं तर हे सांग.

पैसा आणि कागद

पैशात मुंबई सरळ जिंकते. पगार, भविष्यनिर्वाह निधी, मेडिकल. बाहेर अनेक मिशन संस्थांत पैशाचा पाठिंबा तुलाच उभा करावा लागतो, म्हणजे मंडळ्यांतून फिरणं, दर काही महिन्यांनी प्रार्थनापत्र लिहिणं. घरात धाकटी भावंडं शिकत असतील तर आधी तो हिशेब मांड. कागदांत मलावीच्या नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलची नोंदणी आणि कामाचा परवाना हे दोन्ही संस्थेकडून लेखी मागून घे. इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे जाणार असशील तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी. परत येताना मुंबई विमानतळावर तो पिवळा दाखला विचारतात.

घर

भाषा येईपर्यंत पहिलं वर्ष फार एकटं जातं. चिचेवामध्ये 'जोर लाव', 'आता थांब', 'श्वास सोड' एवढं पटकन येतं. पण बाईला भीती कशाची वाटते ते विचारायला महिने लागतात, आणि तोवर तू अर्धीच मिडवाइफ असतेस. इकडे आई-बाबांचं वय वाढतं, बहिणीचं लग्न फोनवर बघावं लागतं, आणि तुझ्या स्वतःच्या लग्नाचा विषय दरवेळी 'परत आलीस की बघू' वर थांबतो. हे सोसता येतं. पण आईला हे आधी, समोर बसून सांग. पाळकांना सांगायला लावू नकोस.

तिसरी वाट

नंदुरबार जिल्ह्यातलं चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. सांगली जिल्ह्यात मिरजेला १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी सुरू केलेलं इस्पितळ आहे. चिंचपाड्याला येणाऱ्या अनेक बायका आदिवासी पाड्यांतल्या. त्यांच्यातल्या पुष्कळजणींची भाषा तुझी नाही, रस्ता पावसात बंद होतो, रक्तक्षय आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार रोजचे. परदेशातल्या कामाचा निम्मा अंदाज तुला इथेच येईल, आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी घरी पोहोचता येईल.

माझा सल्ला क्रमाने असा. दोन वर्षं मुंबईत गर्दीच्या लेबर रूममध्ये काढ, नाइट टाळू नकोस. मग एक वर्ष चिंचपाड्यासारख्या ठिकाणी. त्यानंतरही पाय बाहेरच ओढत असतील तर संस्थेला पत्र लिही आणि तीन गोष्टी विचार: रात्री माझ्या वर कोण असेल, रक्ताची सोय काय आहे, आणि मी गेल्यावर माझी जागा घेणारी तिथली मुलगी कोण. तिसऱ्या प्रश्नाला नाव मिळालं तर जा.