चौदा दुकानांऐवजी तीन पुरवठादार: अकरा महिन्यांचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयाचा आयटी विभाग मी सांभाळते. मुख्यालय जळगावात आणि पंधराही तालुक्यांत छोटी कार्यालयं. गेल्या जुलैपर्यंत आमचे संगणक, प्रिंटर, यूपीएस आणि त्यांचं सुटं सामान मिळून चौदा जणांकडून यायचं. आता तिघांकडून येतं. या बदलाची टिपणी मीच लिहिली होती, मंजुरीसाठी फाइल घेऊन टेबलाटेबलाला मीच फिरले होते. धुळ्या-नंदुरबारच्या काही कार्यालयांत सध्या हाच विचार चालू आहे आणि तिथल्या सहकाऱ्यांचे फोन येतात. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

आधीची अवस्था सांगते, कारण ती बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल. मोजदाद करायला मी आणि विभागातला सहायक तीन आठवडे तालुके फिरत होतो. अमळनेरला एक लोखंडी कपाट उघडलं, तर वरच्या कप्प्यात टोनरची खोकी रचलेली. नऊ वेगवेगळ्या मॉडेलची. त्यातल्या चार मॉडेलचे प्रिंटर त्या कार्यालयात आता नव्हतेच. केव्हाच निर्लेखित, म्हणजे वापरातून काढून नोंदीतून कमी, झाले होते. खालच्या कप्प्यात एका पाकिटाला रबर लावून बिलं ठेवली होती. लिपिक ताईंनी अगदी जपून ठेवलेली. एक बिल बाहेर काढलं तर कोरं. थर्मल कागदावरचं होतं, दोन उन्हाळ्यांत अक्षरं उडून गेली होती. त्याच बिलावर एका हार्ड डिस्कची वॉरंटी अडकली होती. ती डिस्क आम्हाला पुढे पैसे मोजून बदलावी लागली.

हे कुणाच्या वाईट हेतूनं झालेलं नव्हतं. तालुक्याला एक संगणक लागला की तीन दरपत्रकं मागवायची, कमी दराच्या दुकानातून घ्यायचा, जडवस्तू नोंदवहीत चढवायचा. पुढच्या महिन्यात दुसऱ्याला लागला की पुन्हा तेच. प्रत्येक खरेदी छोटी, त्यामुळे प्रत्येक खरेदी वेगळी. पण वर्षाचं सगळं एकत्र पाहिलं की एकच मागणी तुकडे पाडून घेतल्यासारखी दिसते, आणि तुकडे पाडून खरेदी करायची नाही असा नियम आहे. लेखापरीक्षणात त्यावर शेरा आला. शेरा योग्यच होता.

आम्हाला खरा धक्का विंडोजनं दिला. विंडोज १०ला कंपनीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार हे जाहीर होतं, आणि विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचे २१२ संगणक तपासले, त्यातले १३१ या अटीत बसेनात. एवढी मोठी मागणी एकदम आली, तेव्हाच म्हटलं, आता सुटं-सुटं घ्यायचं नाही.

खरेदी जेमवर केली, म्हणजे २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर. तीन निविदा काढल्या: संगणक आणि मॉनिटर एक, प्रिंटर आणि टोनर दुसरी, यूपीएस आणि नेटवर्कचं सामान तिसरी. सगळं एकाच निविदेत बांधायचा आग्रह वरून होता. मी विरोध केला, कारण तसं केलं असतं तर यूपीएस बनवणाऱ्याचा माल मधल्या कुणाच्या तरी हातून आला असता, आणि बिघाड झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं. हा निर्णय बरोबर ठरला.

माल उतरतानाचा एक भाग मात्र सगळ्यांनी आधीच पक्का करावा. जेमवर प्रत्येक ठिकाणचा माल घेणारा, म्हणजे कन्साइनी, वेगळा नेमता येतो, आणि आम्ही पंधरा नेमले. माल मिळाला की त्यानं दहा दिवसांत तपासून स्वीकृतीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'क्रॅक' म्हणतात ते, ऑनलाइन द्यायचं असतं, आणि त्यानंतर दहा दिवसांत पुरवठादाराचे पैसे जायला हवेत. तालुक्यात काही कन्साइनींचं लॉगिनच झालेलं नव्हतं. बोदवडची खोकी उतरली आणि ज्यांच्या नावानं खातं होतं त्यांची आदल्याच आठवड्यात बदली झालेली. ते दहा दिवस धावपळीत गेले. मी आता प्रत्येक कार्यालयात दोन माणसं तयार करून ठेवली आहेत.

खोकी उघडून सीरियल नंबर जुळवण्याचा कंटाळा करू नका. खोक्यावरचा, सीपीयूच्या मागचा आणि बायोसमधला, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधला, असे तिन्ही. आम्ही सगळे १३१ जुळवले आणि प्रत्येक नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी पाहिली. चाळीस यंत्रांची तीन वर्षांची वॉरंटी माल आमच्या दारात यायच्या चार महिने आधीच सुरू झालेली दिसली. यंत्र कारखान्यातून निघालं त्या दिवसापासून ती मोजली होती. बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करून घेतली. हे तेव्हा पाहिलं नसतं तर तीन वर्षांनी, नेमकं वॉरंटी लागेल तेव्हा कळलं असतं. चौदा पुरवठादारांच्या काळात असं किती ठिकाणी निसटलं असेल याचा विचार केला की जीव हळहळतो.

आता फायदा. दर उतरला, पण मला त्याचं फार कौतुक नाही. खरा फायदा यंत्रं एकसारखी झाली याचा आहे. एक संगणक नीट बसवून त्याची इमेज, म्हणजे त्यातल्या सगळ्या प्रणालीची जशीच्या तशी प्रत, काढली, तीच सगळीकडे टाकली. पूर्वी नवीन संगणक तयार करायला पूर्ण दिवस जायचा, कारण प्रत्येकाचे ड्रायव्हर वेगळे शोधावे लागायचे. आता दीड तास. मुख्यालयात चार एसएसडी (डिस्क), पाच एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि सहा कीबोर्ड ठेवले आहेत आणि ते जिल्ह्यातल्या कुठल्याही टेबलावर चालतात. फेब्रुवारीत पाचोऱ्याचा एक संगणक सुरूच होईना. शेजारच्या बंद टेबलावरच्या संगणकाची रॅम काढून शिपाईदादांनी माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत बसवली. पंधरा मिनिटांत काम सुरू. आधीच्या खिचडीत हे शक्यच नव्हतं.

प्रिंटरबद्दल थोडक्यात सांगते. नऊ मॉडेलची दोन झाली, कपाटं मोकळी झाली. मात्र जुन्या प्रिंटरचं १२ए कार्ट्रिज गावातल्या दुकानात पुन्हा पुन्हा भरून मिळायचं. नव्या कार्ट्रिजला चिप आहे, भरून आणलं तर प्रिंटर कुरकुरतो. पानामागचा खर्च वाढला आहे आणि तो मी टिपणीत धरला नव्हता.

आता जिथे चुकलं ते. चोपड्याच्या कार्यालयात नोव्हेंबरात एका संगणकाचा मदरबोर्ड गेला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, रोज फोन केला. इंजिनिअर एकोणिसाव्या दिवशी आला. त्या टेबलावर बसणाऱ्या ताई एकोणीस दिवस दुसऱ्याच्या संगणकावर, दुसऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीत काम करत होत्या. आमच्या निविदेत सेवाकेंद्राची अट होती. मी ती जेमच्या तयार अटींमधून उचलली होती: माल जिथे जाणार त्या राज्यात पुरवठादाराचं किंवा कंपनीचं सेवाकेंद्र हवं. राज्यात! महाराष्ट्र केवढा मोठा आहे, आणि पुण्यात केंद्र असलं की अट पूर्ण. पुण्याच्या केंद्रानं चोपड्यासाठी माणूस पाठवायचा म्हणजे तो जळगाव, धरणगाव, अमळनेर अशा तक्रारी साठेपर्यंत थांबणार. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक वेगळी. माल उशिरा आला तर जेमच्या करारात दंड आपोआप असतो: आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के. दुरुस्ती उशिरा झाली तर काय, हे आपण स्वतः अट निवडून लिहिलं तरच बंधनकारक होतं. तशी अट तयार अटींमध्ये असते, किती दिवसांत दुरुस्ती आणि नाही झाली तर किती कपात. मी ती घेतली नव्हती. चौदा दुकानं असताना दुरुस्तीचा प्रश्न कागदावर यायचाच नाही, कारण दुकानदार शेजारी असायचा. पुरवठादार एक झाला की ते शेजारीपण करारात लिहून आणावं लागतं. जे कुणी हा विचार करत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दराच्या रकान्यापेक्षा या एका अटीवर जास्त वेळ घालवा.

यूपीएसची गोष्ट मे महिन्यातली. पारोळ्याहून फोन आला. "मॅडम, यूपीएस फुगी गया ना." मी गेले. पत्र्याच्या छताखालची खोली, दुपारचे तीन, पंखा गरम वारा फेकत होता. यूपीएसचं झाकण उघडलं तर आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगून पत्र्यात घट्ट अडकलेली. हातानं निघेना. शेवटी पत्रा वाकवून काढली. बाजूला आंबूस वास. अशा शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण पंचवीस अंशांवर मोजलेलं असतं, आणि दर दहा अंश वाढीला ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्यात गावाकडच्या फीडरवर शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, यूपीएस दर थोड्या वेळानं बॅटरीवर जातो आणि बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. एप्रिल-मे मिळून बावीस बॅटऱ्या गेल्या. पुरवठादाराचं म्हणणं, यूपीएसला तीन वर्षं, बॅटरीला एक वर्ष, आणि फुगलेली बॅटरी वापरातल्या दोषात धरणार. बारा बॅटऱ्या भांडून बदलून घेतल्या, दहा आम्ही घेतल्या.

आणि आपले गावचे दुकानदार. अमळनेरचा एक भाऊ गेली कित्येक वर्षं आमच्या कार्यालयात यायचा. मोटारसायकलला पिशवी, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन जुन्या रॅम. फोन केला की तासाभरात हजर, आणि निम्म्या वेळा पैसेही घ्यायचा नाही. पुरवठादार कमी केले तेव्हा त्याचं काम गेलं. जेमवर सूक्ष्म-लघु उद्योगांना अनामत रकमेची सूट मिळते, पण ती उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना. माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. त्यामुळे मोठ्या निविदेत असा माणूस टिकत नाही. बाहेरच्या माणसानं यंत्रांच्या सीलला हात लावला तर वॉरंटी जाईल म्हणून मला त्याला दुरुस्तीलाही बोलावता येत नव्हतं. शिवाय ब्रँडेड यंत्रांचे एसएमपीएस वेगळ्याच मापाचे, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फिरून मिळत नाहीत. डिसेंबरात मी संगणकाच्या पुरवठादाराशी बसून बोलले आणि त्यानं अमळनेर, पारोळा, चोपडा या तालुक्यांसाठी याच भाऊला आपला सेवा-प्रतिनिधी नेमलं. कंपनीचा सुटा भाग कुरिअरनं येतो, हा बसवतो. त्यानंतर या तीन तालुक्यांतली एकही तक्रार चार दिवसांच्या पुढे गेलेली नाही. यावल-रावेरकडे असा माणूस अजून मिळालेला नाही, तिकडे अजूनही दोन-दोन आठवडे जातात.

जुनी १३१ यंत्रं अजून मागच्या खोलीत आहेत. ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यायची आहेत. डिस्क काढून घेतल्या, निर्लेखनाची फाइल चालू आहे.

पुढच्या वर्षी तिन्ही करार मी असेच ठेवणार, चौदावर परत जाणार नाही. बॅटरीची वेगळी ओळ करणार, वॉरंटी दोन उन्हाळे भरतील अशी मागणार. दुरुस्तीला तालुक्याच्या ठिकाणी पाच कामाचे दिवस आणि त्यापुढे कपात, ही अट मसुद्यात टाकली आहे. सोबत प्रत्येक तालुक्यातल्या सेवा-प्रतिनिधीचं नाव आणि फोन नंबर बोलीबरोबरच मागितला आहे. मसुदा काल लेखा शाखेकडे गेला.