एच-फोर की जर्मनी? नवऱ्याकडे जायचंय तर

मी डॅलसला एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवर अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर, आले तेव्हा बॅगेत कुकर, मेतकूट आणि सहा वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर होतं, त्यातलं लेटर अजून फाइलमध्येच आहे. एच-फोरवर थेट नोकरी करता येत नाही, 2015 पासून ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, मिळतं खरं पण त्यासाठी बहुतेक वेळा नवऱ्याचा आय-140, म्हणजे त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज, अप्रूव्ह झालेला लागतो, म्हणजे आपलं करिअर त्याच्या कंपनीच्या हातात. शिकायला मात्र चालतं, मी कम्युनिटी कॉलेज धरलं.

धाकटी जाऊ म्युनिकला गेली. दिराकडे ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना, त्यामुळे व्हिसासाठी तिला जर्मनची ए-वन ही अगदी पहिल्या पातळीची परीक्षाही लागली नाही आणि कामाची मुभा पहिल्यापासून. पण मुभा म्हणजे नोकरी नव्हे बरं का! इंटरव्ह्यूत भाषेवर गाडी अडतेच, आणि घरमालकाचं पत्र आलं की बिचारी फोन समोर धरून एकेक ओळ ट्रान्सलेट करत बसते. तरी ट्राममधून एकटी गावभर फिरते, मी इथे लायसन्स मिळेपर्यंत दुधाच्या पिशवीसाठी, सॉरी गॅलनसाठी, नवरा कार घेऊन कधी येतोय ते बघत बसायचे.

नोकरी सोडवत नसेल तर मी जर्मनीच म्हणेन, फक्त परीक्षा लागत नाही म्हणून निवांत राहू नका, पुण्यात मॅक्स म्युलर भवनला जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे ए-वन, ए-टूच्या पुढच्या पातळीपर्यंत, करूनच निघा.